मधू वर्गात बोलत नाही

बालवाडीच्या बाईला जुलैच्या पहिल्या आठवड्यात काहीही शिकवायचं नसतं. तिनं फक्त दारात उभं राहायचं आणि आईच्या पदरात रुतलेली मुलाची मूठ सोडवून घ्यायची. मूठ ओढायची नाही. ओढली की ती आणखी घट्ट होते. करंगळीच्या बाजूनं हळूच आपलं बोट आत सरकवायचं, पदर आपोआप सुटतो आणि मुलाच्या हातात आपलं बोट येतं. मग आईला नुसत्या डोळ्यांनी सांगायचं, निघा. आणि तिनं खरोखर निघायचं. कोपऱ्यावर थांबून डोकावणारी आई आठवड्याची मेहनत पाण्यात घालते.

हे काम मी जुन्या इंदूरमधल्या एका मराठी शाळेत निवृत्त होईपर्यंत केलं. आमचं घर मूळचं महूचं. आजोबा पलटणीत, वडीलही फौजेत. वडिलांचे मित्र विचारायचे, "मुलगी काय करते?" वडील सांगायचे, "रंगरूट भरती." त्यांच्या मते माझं आणि त्यांच्या सुभेदाराचं काम एकच होतं. घरच्यांपासून तोडलेली, रडवेली, बटणं चुकीची लावलेली माणसं ताब्यात घ्यायची आणि महिन्याभरात त्यांना रांगेत चालायला लावायचं. मला ते ऐकून बरं वाटायचं, कारण बाकी सगळे विचारायचे, "केजीत शिकवायला असतं तरी काय?"

असतं ते सांगते. मोठ्यानं रडणाऱ्या मुलाची काळजी करायची नसते. ते दमतं, त्याला भूक लागते, डब्यातला पराठा दिसतो आणि गाडी रुळावर येते. लाथा मारणारं मूल त्याहून सोपं, कारण आपण दखल घ्यावी एवढंच त्याला हवं असतं. काळजी करायची ती न रडणाऱ्या मुलाची. पहिल्या दिवशी शांतपणे आत येऊन बसणारं मूल पाहून नव्या बाया खूश होतात. जुन्या बाया सावध होतात.

मधू शाळेत आली ते वर्ष इंदूरच्या कापड मिल बंद पडत होत्या त्या काळातलं. आमच्या शाळेची घंटा भोंग्यावर चालायची, म्हणजे मिलचा भोंगा वाजला की कमलाबाई घंटा द्यायची. कमलाबाई आमची आया, मालव्यातल्या खेड्यातली, घड्याळ तिला येत नव्हतं आणि गरजही नव्हती. भोंगा बंद झाल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कार्यालयात भिंतीवरचं घड्याळ आणून लावलं. आणखी एक बदल मला दारातूनच दिसला. पूर्वी मुलांना सोडायला आई यायची. आता ऐन कामाच्या वेळेला बाप यायला लागले, धुतलेला शर्ट घालून, आणि मूल आत गेलं तरी त्यांना जायची घाई नसायची.

त्याच सुमारास दुसरीही मुलं यायला लागली. पीथमपूरला नवे कारखाने उघडत होते आणि त्यांत पुण्या-नाशिकचे इंजिनिअर येत होते. इंग्रजी शाळेत जागा मिळेपर्यंत ते आपली मुलं आमच्याकडे टाकायचे. निनाद त्यांतलाच. गोरा, गुबगुबीत, आणि रडण्यात असा तरबेज की श्वास घ्यायलाही थांबायचा नाही.

मधूला तिचे वडील खांद्यावर बसवून घेऊन आले. उंच, हाडापेरानं मजबूत माणूस. फाटकातून आत येताना वाकले आणि इतक्या मोठ्यानं बोलले की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"नमस्ते बाई! मी शंकर. ही माधुरी, घरी मधू म्हणतो. क्या है कि, मला ऐकू कमी येतं. मिलमध्ये बुनाई खात्यात होतो ना!"

बुनाई खातं म्हणजे जिथे कापड विणतात ती जागा. एका छपराखाली शेकडो माग एकदम खडखडतात. तिथे जन्म काढलेल्या माणसांचे कान लवकर जातात, हे जुन्या इंदुरात कुणाला सांगावं लागत नसे. मीही मोठ्यानं म्हटलं, "काही काळजी करू नका शंकरजी. तुम्ही निघा."

"ती रडणार नी बाई." आमच्या इंदुरी बोलीत 'नाही'चं 'नी' होतं.

"तरी निघा."

ते हसले, मान हलवली, आणि जाऊन अंगणापलीकडे फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसले. शाळा सुटेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले.

मधू खरंच रडली नाही. जमिनीवर अंथरलेल्या टाटपट्टीवर खिडकीजवळची जागा तिनं स्वतःच निवडली. मणी ओवायला दिले, ओवले. रांगेत उभी राहा म्हटलं, राहिली. नाव विचारलं तर माझ्याकडे टपोऱ्या डोळ्यांनी पाहत राहिली. कविता म्हणताना सगळा वर्ग किंचाळायचा, ही ओठसुद्धा हलवायची नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. निनादचं रडणं थांबून हुंदक्यांवर आलं, पण मधूच्या तोंडून हूं की चूं नाही.

मोठ्या बाई वर्गात येऊन तिला बघून गेल्या. टाळी वाजवून पाहिली, मधूनं वळून पाहिलं, म्हणजे कान शाबूत होते. मला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या, "मुकी असेल तर आपल्याकडे सोय नाही. आपण तिला ठेवून तिचंच नुकसान करू. महिनाअखेरपर्यंत बघा, मग तिच्या वडिलांशी बोलू." बाई मनानं वाईट नव्हत्या. एका वर्गात साठ-सत्तर पोरं कोंबलेली असताना त्या आणखी काय म्हणणार?

पण मला ती मुकी वाटत नव्हती. न बोलणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर एक तहान असते, काहीतरी सांगायचं राहून गेल्याची. मधूचा चेहरा गप्पा मारून पोट भरलेल्या माणसासारखा दिसायचा.

गुपित फोडलं ते निनादनं. मी फळ्यावर आंबा काढत होते. मागून आवाज आला, "ताई, तिला पाणी पाहिजे."

"कुणाला?"

"हिला." त्यानं मधूकडे बोट दाखवलं.

"तुला कसं कळलं?"

"ती म्हणाली ना आत्ता."

मी मधूकडे पाहिलं. तिनं अंगठा ओठांना लावून मनगट जरासं उलटं केलं, झटकन, डास हाकलावा तसं. ते माझ्यासाठी नव्हतंच. ती खिडकीबाहेर पाहत होती. मीही पाहिलं. कडुलिंबाखाली शंकरजींनी हात वर केला, दोन बोटं फिरवली आणि पंजानं वर्गाकडे खूण केली. मला त्याचा अर्थ आपोआप कळला. बाईंना सांग.

त्या दिवशी मी शिकवलं कमी आणि पाहिलं जास्त. खिडकीतून अंगणापलीकडे अखंड गप्पा चालू होत्या. मधू हातांनी बोलायची आणि बरोबर ओठ हलवायची, आवाज न करता. तिकडून उत्तर यायचं. डब्यात काय आहे, समोरच्या पत्र्यावर माकड आलंय, निनादचं नाक वाहतंय, सगळं. माझ्या वर्गात कुजबूज केलेली मला पाठ फिरवूनही कळते अशी माझी ख्याती होती. आणि इथे एक पोरगी दिवसभर माझ्या नाकासमोर बडबडत होती.

संध्याकाळी मी सियागंजच्या बाजारात गेले. मधूची आई, कुसुम, तिथल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात मसाले निवडायची आणि पुड्या भरायची. मिरचीच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी शिंकत होते आणि ती हसत होती.

"बोलते ना बाई! माझ्याशी चांगली बोलते. पण मी सकाळी निघते ती दिवे लागल्यावर परत. तोवर ती बापाजवळ."

"आणि ते हातांचं?"

"ती मिलची बोली." तिनं ओढणी नाकावर घेतली. "तिथे आवाजात काही ऐकू येत नी, म्हणून सगळे हातांनी आणि ओठांनीच बोलायचे. धागा तुटला, पाणी आण, साहेब आला. घरी ह्यांनी पोरीला गंमत म्हणून शिकवली. मिल चालू होती तेव्हा ह्यांना पोरगी झोपलेलीच दिसायची बाई, पाळीच तशी होती. बंद पडली आणि हा आख्खा उन्हाळा दोघं एकमेकांचे झाले. आंबे खा, नदीवर जा, दुपारी ओट्यावर पडून राहा. मी घरी आले की वाटायचं, घरात कोणी नी. आत बघते तर दोघांच्या जोरदार गप्पा चाललेल्या." मग तिचं हसू थांबलं. "उन्हाळा संपला बाई. ह्यांना ते कळून नी राहिलं."

मला माझं निदान मिळालं होतं. मूल शाळेत आलं होतं, बाप उन्हाळ्यातच बसला होता. मधूला वर्गात बोलायची गरजच नव्हती, कारण तिच्या बोलण्याचा माणूस समोर झाडाखाली हजर होता.

मी काही करायच्या आत निनादची आई शाळेत आली. चांगली शिकलेली, पुण्याची, साडीला इस्त्री. मोठ्या बाईंच्या समोर ती मला म्हणाली, "ताई, निनाद घरी हातवारे करतो. पाणी पाहिजे तर बोलत नाही, अंगठा तोंडाला लावतो. तुम्ही त्याला त्या मुलीजवळ का बसवता? डिसेंबरात इंग्रजी शाळेत इंटरव्ह्यू आहे त्याचा."

"तिनं त्याचं रडणं थांबवलंय," मी म्हटलं.

ते खरं होतं. निनादला हुंदके यायला लागले की मधू दोन्ही मुठी जोडून बाजूला ओढायची, म्हणजे धागा तुटला. मग त्याच्या नाकासमोर चिमटीनं गाठ मारायची. तो इतका लक्ष देऊन पाहायचा की रडायचं विसरायचा. माझं बोट सरकवण्याचं तंत्र त्याच्यावर चाललं नव्हतं, हिचं चाललं.

आई जरा नरमली, पण म्हणाली, "तरी जागा बदला."

"महिनाअखेरपर्यंत थांबा," मोठ्या बाई मध्येच म्हणाल्या. म्हणजे आता दोन्ही मुलांची मुदत एकच झाली.

दुसऱ्या दिवशी वर्ग कमलाबाईच्या हवाली करून मी कडुलिंबाखाली गेले. खाजगी बोलायचं होतं, पण शंकरजींशी खाजगी बोलणार कसं? मी सुरुवात केली तशा समोरच्या घरातल्या बायका ओट्यावर आल्या. मी ठरवलं, येऊ देत.

"शंकरजी, मधू वर्गात बोलत नाही!"

"बोलते ना बाई, माझ्याशी बोलते!"

"तेच तर सांगतेय! तुम्ही इथे बसता म्हणून ती आत येतच नाही. नुसती टाटपट्टीवर बसते, असते तुमच्याजवळ. अशीच राहिली तर मोठ्या बाई तिला काढतील. उद्यापासून तुम्ही बसायचं नाही."

त्यांनी माझे ओठ नीट वाचले. मग खाली पाहिलं, चपलेनं निंबोळ्या बाजूला सारल्या. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, इतक्या हळू की मलाच वाकावं लागलं.

"बाई, ती आत गेली की मी कुठे जाऊ?"

मुलांसाठी माझ्याकडे मणी होते, ठोकळे होते, गाणी होती. चाळिशीच्या विणकराला मी काय देणार? मी विचारलं, "कारखान्यांत विचारलंत?"

"विचारलं ना. पीथमपूरला दोनदा गेलो. साहेब टेबलामागे बसून हळू बोलतात. मला समजत नी. मी हो हो करतो आणि ते दुसऱ्याला बोलावतात."

"मग आधीच सांगायचं की मला ऐकू कमी येतं, जोरात बोला."

"शरम येते."

"मला आत्ता ओरडताना आली का? आख्खी गल्ली ऐकतेय." ओट्यावरच्या बायका हसल्या. त्यांनीही वर पाहिलं आणि थोडे हसले. मी म्हटलं, "कुठे जायचं ते तुम्ही ठरवा. पण इथे नाही. आत जे काही होईल ते मी सांभाळते. ते माझं काम आहे आणि मला ते येतं."

हे वाक्य मी तेव्हा ठणकावून बोलले आणि आजही त्यातला एक शब्द कमी करणार नाही. बालवाडीच्या बाईनं नम्र असून चालत नाही. आईबापांनी आपलं सगळ्यात नाजूक माणूस तिच्या हातात द्यायचं असतं. तिचाच हात कापत असेल तर ते देतील कसे?

दुसऱ्या दिवशी शंकरजी आले ते हातात जेवणाचा डबा घेऊन. मधूला खांद्यावरून उतरवलं, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हातांनी काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मधूनं दोनदा मान हलवली, नाही म्हणून. मग एकदा हो म्हणून. ते उठले आणि वळून न पाहता कोपऱ्यावरून दिसेनासे झाले. मुलांना सोडायला येणाऱ्या आयांना जे जमत नाही ते त्यांनी पहिल्याच प्रयत्नात करून दाखवलं.

मधू खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तिला बसवलं नाही. प्रार्थना झाली, गोष्ट झाली, मणी झाले. ती उभीच. दोन्ही हात खाली लोंबत होते, जसे काही तिचे नव्हतेच. इतके दिवस मी तिला न रडणारी म्हणत होते, पण त्या सकाळी तिची पाठ पाहून मी खुर्चीवरून अर्धी उठले. जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. अशा वेळी जवळ घेतलं की मूल आपल्याला चिकटतं, आणि मग त्याची खिडकी आपण होतो. थांबायचं असतं, आणि थांबणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

डब्याच्या वेळेला निनाद उठला. हातात अर्धा पराठा घेऊन तिच्याजवळ गेला. पराठा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दोन्ही मुठी जोडल्या आणि बाजूला ओढल्या. धागा तुटला. मग गाठ मारायला गेला आणि चुकला. बोटं बोटांत अडकली. पुन्हा केलं, पुन्हा चुकला. मधू बघत होती. तिसऱ्यांदा त्यानं सगळा पंजाच फिरवला, भोवरा सोडावा तसा.

आणि वर्गात आवाज फुटला. बारीक, नाजूक वगैरे काही नाही. थेट तिच्या बापाचा, बुनाई खात्यातला.

"असं नी रे! किती बार सांगितलं तुला! असं! असं!"

कमलाबाईच्या हातातला पाण्याचा लोटा खाली पडला. "अरे बाई," ती म्हणाली, "या तो बोले है!"

मधूला कशाचंच भान नव्हतं. तिनं निनादची बोटं धरली होती आणि चिमटी कशी करायची ते ओरडून ओरडून सांगत होती. निनादही मागे हटणारा नव्हता. "असंच केलं मी!" "नी केलं!" "केलं!" दोघं शब्दांवरून ढकलाढकलीवर आली. इतर वेळी मी ताबडतोब मध्ये पडले असते. त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले आणि ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं. आवाज ऐकून मोठ्या बाई कार्यालयातून धावत आल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "कोण ओरडतंय?"

"मधू," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा नीट केला, मधूकडे बघितलं आणि परत गेल्या. महिनाअखेरीची गोष्ट त्यांनी नंतर कधी काढली नाही. निनादच्या आईनंही जागा बदलायचा आग्रह धरला नाही, कारण निनाद त्या दिवसापासून सकाळी स्वतःच दप्तर घेऊन दारात उभा राहायला लागला होता.

शाळा सुटताना शंकरजी फाटकाशी उभे होते. घामानं भिजलेले, शर्टावर बसची धूळ. मधू त्यांच्या पायांना बिलगली. ते आधी माझ्याकडे पाहत होते.

"रडली?"

"नाही. भांडली."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"भांडली!" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "मोठ्यानं बोलली आणि भांडली!"

त्यांनी मधूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले होते आणि चेहरा हसत होता. "जिंकली का?"

"जिंकली!"

मग त्यांनी आपली बातमी सांगितली. पीथमपूरला बिस्किटांच्या एका नव्या कारखान्यात गेले होते. आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं की मी बहिरा आहे, जोरात बोला. तिथला माणूस दचकला, हसला आणि जोरात बोलला. सोमवारपासून पॅकिंगमध्ये यायला सांगितलं.

ते त्या कारखान्यात टिकले. पण माग त्यांनी पुन्हा कधी चालवला नाही. एकदा मला म्हणाले होते, "खोक्यांत बिस्किटं भरतो बाई. कोणी पण भरेल." याची हळहळ मला अजून वाटते. जुन्या इंदुरात तेव्हा अशी कितीतरी माणसं होती, ज्यांच्या बोटांत सगळं आयुष्य घालवून मिळवलेली कला होती आणि ज्यांना नंतर कोणी पण करेल असं काम करावं लागलं. त्यांच्यासाठी आमच्याकडे काही नव्हतं. त्यांच्या मुलांसाठी मात्र होतं, आणि ते मी चोख दिलं, हे मी कुणाहीसमोर सांगू शकते.

पुढच्या वर्षी मधू पहिलीत गेली. जुलै संपायच्या आतच पहिलीच्या बाई मधल्या सुट्टीत तावातावानं माझ्याकडे आल्या.

"ताई, तुमची ती मधू! वर्गात एक मिनिट गप्प बसेल तर शपथ. मला शिकवूच देत नाही. तुम्ही हिला वर्षभर काय शिकवलंत?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि कमलाबाईला हाक मारली, "बाईंसाठी चहा आण. साखर जरा जास्त टाक."